कायदा करणाऱ्याचे हात कोण बांधणार? (ड्रेको, सोलोन आणि मंडळी)

तळटीप (धागाकर्ता)

प्राचीन अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याचं नाव निघालं की 'लोकशाहीचा जनक' हे बिरूद त्याच्या गळ्यात पडतंच. मला त्यात फारसा रस नाही. लोकशाही आणायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. सामान्यांना किती द्यायचं याचं त्याचं माप ठरलेलं होतं आणि कवितेत त्याने ते सांगूनही ठेवलंय: पुरेल एवढं दिलं, त्याहून जास्त नाही. मला त्या काळातली दुसरीच गोष्ट भारी वाटते. ग्रीक नगरं कायदे लिहून काढायला लागली, तेव्हा त्यांना चोर-दरोडेखोरांइतकीच धास्ती कायदे करणाऱ्यांची आणि राबवणाऱ्यांची होती.

क्रीट बेटावर ड्रेरोस नावाचं छोटंसं नगर होतं. तिथे अपोलोच्या देवळाच्या दगडांवर कोरलेला कायदा सापडलाय, इ.स.पू. ६५० च्या सुमाराचा. ग्रीसमधल्या हाती लागलेल्या सर्वांत जुन्या कायद्यांपैकी हा एक. विषय काय? खून नाही, चोरी नाही, जमीन नाही. तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला 'कोस्मोस' म्हणत. एकदा कोस्मोस झालेल्याने पुढची दहा वर्षं परत त्या पदावर बसायचं नाही. बसलाच, तर त्याने लोकांना जो दंड ठोठावला असेल त्याच्या दुप्पट स्वतःच्या खिशातून भरायचा, जन्मभर बिनकामाचा ठरायचं आणि त्याने केलेलं सगळं रद्द. कायदा लिहायला बसले आणि पहिल्याच फटक्यात साहेबाची खुर्ची आवळली!

अथेन्सची गोष्ट याच्याच पुढची. किलोन नावाच्या एका ऑलिम्पिक विजेत्याने ॲक्रोपोलिस (अथेन्सची गढी) बळकावून हुकूमशहा व्हायचा घाट घातला होता. तो फसला. देवीच्या आश्रयाला बसलेल्या त्याच्या साथीदारांना अभय देऊन उठवलं आणि मग कापून काढलं. या प्रकाराचं किटाळ पुढे कित्येक पिढ्या पुरलं. त्यानंतर दहाएक वर्षांनी, इ.स.पू. ६२१ मध्ये, ड्रेको आला. भाजी चोरली तरी मरणदंड, म्हणून त्याचे कायदे शाईने नव्हे तर रक्ताने लिहिलेत असं पुढे म्हटलं गेलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याचा खुनाबद्दलचा कायदा वाचला तर माणूस वेगळाच दिसतो. हेतू नसताना हातून माणूस मेला तर शिक्षा हद्दपारीची. माफी द्यायची झाली तर मृताचा बाप, भाऊ, मुलं सगळ्यांचं एकमत हवं. एकानेही नकार दिला तर त्याचा शब्द चालणार. आणि हद्दपार झालेला मनुष्य सीमेवरचा बाजार, खेळ, यज्ञयाग टाळून मुकाट राहत असेल, तर त्याला ठार मारणाऱ्यावर अथेन्सच्या नागरिकाचा खून केल्यासारखाच खटला. म्हणजे सुडाची तलवार घराण्याच्या हातून काढून घेतली. बाकीचे ड्रेकोचे कायदे सोलोनने मोडीत काढले, हा तेवढा ठेवला.

सोलोन इ.स.पू. ५९४ मध्ये आर्खोन (अथेन्सचा मुख्य अधिकारी) झाला तेव्हा गावोगाव शेतांत गहाणाचे दगड उभे होते. हेक्टेमोरोई म्हणून एक वर्ग होता, पिकाचा सहावा हिस्सा धनकोला देणारा. देणं थकलं की माणूस स्वतः, बायकापोरांसकट, धनकोच्या ताब्यात. कित्येक जण परमुलखात विकले गेले होते. सोलोनने देणी रद्द केली, दगड उपटले आणि माणसाचं शरीर तारण ठेवून कर्ज द्यायचं नाही असा कायमचा कायदा केला. त्याच्या कवितेत तो काळ्या भूमातेलाच साक्षीला बोलावतो, आणि परत आणलेल्या लोकांबद्दल म्हणतो की परमुलखात भटकून भटकून ते आपली अटिक (अथेन्सच्या मुलखाची) बोली विसरले होते. हुकूमशहा व्हायची संधी समोर असताना त्याने काय केलं? कायदे लाकडी फिरत्या चौकटींवर लिहून लावले, अथेन्सकरांकडून ते न बदलण्याची शपथ घेतली आणि दहा वर्षांसाठी गाव सोडलं. इतिहासकार हिरोडोटस सरळ सांगतो की हे पर्यटन नव्हतं. तो तिथे राहिला असता तर रोज कोणी ना कोणी येऊन म्हणालं असतं, साहेब, एवढं एक कलम बदला.

---

कोरडवाहू

लेख आवडला. पण एक हिशेब जुळत नाही. सहावा हिस्सा? आमच्याकडे अर्धेलीने लावलेली शेतं पिढ्यानपिढ्या चालली, दंगा झाला नाही. पाच वाटे आपल्याला आणि एक मालकाला, तर मी आनंदाने कसेन. एवढ्यावर गाव पेटेल का?

तळटीप

@कोरडवाहू, बरोबर नस पकडलीत. अभ्यासकांमध्येही यावर बरीच खडाखडी झाली आहे. काहींनी उलट मांडलं की पाच वाटे देत आणि एक ठेवत. पण सोलोनचा चरित्रकार प्लुटार्क स्पष्टपणे सहावा हिस्सा देत असं म्हणतो. मला वाटतं गोम दरात नाहीच. एखादं साल कोरडं गेलं की वाटा थकतो, आणि थकल्यावर जप्ती शेतावर नाही, माणसावर येते. ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या 'अथेन्सची राज्यव्यवस्था' या ग्रंथात तेच आहे: लोकांना सगळ्यात जास्त सलत होती ती गुलामी. आणि एक लक्षात घ्या, सोलोनने जमिनीचं फेरवाटप केलं नाही. गरिबांना ते हवं होतं. त्यामुळे दोन्ही बाजू त्याच्यावर नाराज. 'कुत्र्यांच्या घोळक्यात लांडगा फिरावा तसा फिरलो' हे त्याचंच वर्णन.

फटकळ

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. कर्जमाफीची बातमी आधीच फुटली होती त्याचं काय? त्याच्या दोस्तांनी भरमसाट कर्ज काढून जमिनी घेतल्या, दुसऱ्या दिवशी कर्ज माफ, जमिनी खिशात. अडीच हजार वर्षं झाली, पद्धत तीच.

शिळाप्रेस

@फटकळ, हो, प्लुटार्क नावं देतो: कोनोन, क्लिनियास, हिप्पोनिकस. लोकांनी त्यांना 'कर्जबुडवे' असं टोपणनावही ठेवलं. पण पुढचं वाक्य का सोडलंत? सोलोनचे स्वतःचे पाच टॅलंट लोकांकडे येणं होतं आणि ते त्याने सगळ्यांत आधी सोडले, असंही तिथेच आहे. एक टॅलंट म्हणजे सहा हजार द्राख्मा (चांदीची नाणी), रक्कम किरकोळ नाही.

शिवाय त्याच्या कायद्यानुसार नऊ आर्खोनांना बाजारातल्या एका शिळेवर उभं राहून शपथ घ्यावी लागे. कायदा मोडला तर सोन्याचा पुतळा देवाला वाहीन. मूळ लेखातल्या ड्रेरोसच्या कायद्याच्या रांगेत हे बसतं.

फटकळ

किती पुतळे जमा झाले मग?

शिळाप्रेस

:) पुढचा प्रश्न घ्या.

सांजवात

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. सोलोनच्या कविता, त्याचे कायदे, हे आपल्यापर्यंत पोचलं कसं? लाकडी चौकटी तर कुजल्या असणार.

तळटीप

बाळबोध मुळीच नाही. कविता लोकांनी पाठ केल्या, पुढच्या लेखकांनी उतारे दिले. अथेन्सच्या राज्यव्यवस्थेचा ग्रंथ मात्र जवळजवळ हरवला होता. १८९१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या केन्यनने तो छापला तो इजिप्तमधून आलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवरून. गंमत म्हणजे त्या गुंडाळ्यांची पुढची बाजू एका शेतमळ्याच्या कारभाऱ्याच्या हिशेबांची, इ.स. ७८-७९ ची. जमाखर्च झाल्यावर कुणीतरी तो कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ॲरिस्टॉटल उतरवून घेतला. चार वेगवेगळी हस्ताक्षरं आहेत.

कोरडवाहू

हिशेबाच्या वहीचा असा उपयोग! बरं, सोलोनने शेताबांधाचं काही केलं की नुसतंच राज्यघटना वगैरे?

शिळाप्रेस

केलं ना, आणि मला तो भाग सगळ्यात आवडतो. अटिकात, म्हणजे अथेन्सच्या मुलखात, बारमाही नद्या नाहीत म्हणण्यासारख्याच, सगळी भिस्त विहिरींवर. नियम असा: चार स्टेडियाच्या आत (साधारण पाऊण किलोमीटर) सार्वजनिक विहीर असेल तर तीच वापरायची. लांब असेल तर आपली खणायची. दहा पुरुष खोल खणूनही पाणी लागलं नाही, तर शेजाऱ्याच्या विहिरीवरून सहा खोयांचा घडा (वीस लिटर समजा) दिवसातून दोनदा भरून न्यायचा हक्क. गरजवंताला मदत करावी, आळशाला पोसू नये, असं प्लुटार्क त्यावर म्हणतो.

झाड लावायचं तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून पाच फूट आत, अंजीर आणि ऑलिव्ह नऊ फूट, कारण त्यांची मुळं लांब पळतात. मधमाश्यांची पेटी दुसऱ्याच्या आधीच्या पेट्यांपासून तीनशे फुटांवर. लांडगा मारून आणला तर पाच द्राख्मा, लांडग्याचं पिल्लू असेल तर एक. आणि शेतमालापैकी फक्त ऑलिव्ह तेल बाहेर विकायची मुभा, बाकी निर्यात बंद.

कोरडवाहू

मुळांचा हिशेब करणारा माणूस शेतकऱ्यांत वावरलेला असणार. विहिरीचा नियम तर आजही चालेल. आमच्याकडे भावाभावांत यावरून कोर्टात तारखा पडतायत.

उंबरठा

मी जरा वेगळा सूर लावते. याच सोलोनने बायकांसाठी काय केलं ते कुणी लिहिलं नाही. बाहेर पडताना अंगावर तीनपेक्षा जास्त वस्त्रं नकोत, बरोबर एका ओबोलपेक्षा (छोटं नाणं) जास्तीचं खाणंपिणं नको, टोपली हातभरापेक्षा मोठी नको, रात्री प्रवास करायचा तर गाडीतून आणि पुढे दिवा. मयताच्या घरी गाल ओरबाडून रडायला बंदी. 'माणसाच्या शरीरावर कर्ज नाही' म्हणणाऱ्याला बाईची टोपली मोजायला वेळ होता.

तळटीप

उंबरठाताई, मुद्दा मान्यच. फक्त रडण्यावरच्या बंदीला आणखी एक बाजू आहे. बड्या घराण्यांच्या अंत्ययात्रा हे तेव्हाचं शक्तिप्रदर्शन होतं. भाड्याच्या रडणाऱ्या आणून, वैर चेतवून, ताकद दाखवली जायची. खुनाच्या कायद्यासारखाच हाही घराण्यांना आवरायचा प्रयत्न. पण आवरलं कुणाला? बायकांना. ते तुमचं खरं आहे.

उंबरठा

मग क्रीटमधल्याच गॉर्टिनकडे या. तिथल्या भिंतीवर बारा स्तंभांत, सहाशेच्या आसपास ओळींचा कायदा आहे, इ.स.पू. पाचव्या शतकातला. एक ओळ डावीकडून उजवीकडे तर पुढची उजवीकडून डावीकडे, बैल नांगर वळवतो तशी. तिथे बापाच्या मालमत्तेत मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. शहरातलं घर आणि गुरं मुलांकडेच जातात, पण बाकीच्यात मुलीचा वाटा लिहून दिलेला आहे. घटस्फोट झाला तर बाईने आणलेलं तिचं तिला परत, शिवाय तिने विणलेल्या कापडाचा अर्धा भाग तिचा. अथेन्सच्या बाईला असलं काही नव्हतं. लोकशाहीचं माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या गावापेक्षा सरदारांच्या हातातलं गॉर्टिन बायकांना बरं होतं. याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

दिवाणी

उशिरा आलो. वकिलीचं डोकं असल्याने मला सोलोनचं एकच कलम ग्रेट वाटतं: ज्याची इच्छा असेल त्या कुठल्याही नागरिकाने दुसऱ्यावरच्या अन्यायासाठी खटला भरावा. आधी फक्त ज्याला लागलं तोच, किंवा त्याचा नातेवाईक, दाद मागू शकत होता. आणि ज्याला लागलेलं असतं तो बहुधा घाबरलेला असतो. जोडीला अधिकाऱ्याच्या निकालावर लोकांच्या न्यायालयात अपील.

आता धाग्याच्या शीर्षकाकडे. पुढच्या शतकात अथेन्सने यातूनच एक हत्यार काढलं. सभेत एखाद्याने कायद्याशी विसंगत ठराव मांडला, तो मंजूरही झाला, तरी मांडणाऱ्यावर खटला भरता येई. म्हणजे हजारोंनी हात वर केले, पण न्यायालयात उभा राहणार तो मांडणारा. वर्षभर ही टांगती तलवार. तीनदा हरला तर ठराव मांडायचा हक्कच गेला. ॲरिस्टोफोन नावाचा एक पुढारी फुशारकी मारायचा की असल्या पंचाहत्तर खटल्यांतून मी निर्दोष सुटलोय!

फटकळ

पंचाहत्तर! आपल्याकडे तो पक्षाध्यक्ष झाला असता.

दिवाणी

इटलीच्या दक्षिण टोकाला लोक्री नावाची ग्रीक वसाहत होती, झालेउकसच्या कायद्यांसाठी गाजलेली. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस एका भाषणात तिथला रिवाज सांगतो. नवा कायदा सुचवायचा असेल तर गळ्यात फास अडकवून उभं राहायचं. पटला तर जिवंत घरी, नाही पटला तर तिथेच फास आवळायचा. दोनशेहून जास्त वर्षांत एकच नवा कायदा झाला म्हणे. 'डोळ्याला डोळा' असा जुना कायदा होता. एका एकाक्ष माणसाला वैऱ्याने धमकी दिली, तुझा उरलेला डोळा फोडतो, माझा एक गेला तरी चालेल. तो बिचारा फास अडकवून गेला आणि म्हणाला, एकाक्षाचा डोळा फोडणाऱ्याचे दोन्ही फोडा. मंजूर झाला.

तळटीप

दिवाणीसाहेब, किस्सा झकास, पण डेमोस्थेनिसला तो आपल्या खटल्यात समोरच्यावर वार करायला हवा होता, हेही धरून चालू. या हत्याराचा खरा कस इ.स.पू. ४०६ मध्ये लागला आणि तिथे ते बोथट निघालं. आर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरच्या लोकांना वाचवता आलं नाही. आठ सेनापतींवर ठपका. प्रत्येकाचा वेगळा खटला हवा असा कायदा, पण कॅलिक्सेनसने ठराव आणला की सगळ्यांचा एकाच मतदानात निकाल लावा. युरिप्टोलेमसने त्याच्यावर बेकायदा ठरावाचा खटला भरतो म्हटलं, तर सभेत ओरडा: लोकांना हवं ते करू देत नाही म्हणजे काय! अडवणाऱ्यांनाही त्याच मतदानात ओढू, अशी धमकी आली आणि युरिप्टोलेमसने माघार घेतली. सभा चालवणाऱ्या मंडळात एकटा सॉक्रेटिस अडून राहिला. गावात हजर असलेल्या सहा सेनापतींना मारलं. मग पश्चात्ताप झाला, कॅलिक्सेनसला धरलं, तो पळाला, नंतर परत आला आणि सगळ्यांच्या तिरस्कारात उपाशी मेला.

इ.स.पू. ४०३ मध्ये, मध्यंतरी गेलेली लोकशाही परत आल्यावर त्यांनी ठराव आणि कायदा वेगळे केले. ठराव कायद्याच्या वर नाही. कायदा बदलायचा तर तो शपथ घेतलेल्या ज्यूरर्समधून निवडलेल्या मंडळासमोर, आणि तिथे जुन्या कायद्याची बाजू लढवायला लोकांनी पाच वकील नेमायचे. जुन्या कायद्याला वकील! हे मला फासापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

सांजवात

क्लिस्थेनिस राहिला की. शिवाय सोलोन गेल्यावर अथेन्समध्ये हुकूमशाही आलीच ना? मग उपयोग काय झाला?

तळटीप

आली. इ.स.पू. ५६१ मध्ये पिसिस्ट्रेटस. पण त्याने सोलोनचे कायदे बहुतेक तसेच ठेवले, गरीब शेतकऱ्यांना कर्जाऊ पैसे दिले आणि एक दशांश कर लावला. हायमेटस डोंगरावर निव्वळ दगड खणणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याने विचारलं, काय पिकतं इथे? म्हातारा, समोर कोण आहे ते न ओळखता, म्हणाला: दुखणी आणि वेदना, आणि त्यातलाही दहावा हिस्सा पिसिस्ट्रेटसला द्यायचाय. त्याला करमाफी मिळाली.

क्लिस्थेनिसने इ.स.पू. ५०८ मध्ये मात्र मुळावरच घाव घातला. चार जुन्या कुळांच्या जागी दहा नवे गट, प्रत्येकात शहर, किनारा आणि आतला मुलूख यांचा एकेक तुकडा. १३९ गावं-वस्त्या हा पाया. पाचशेंचं मंडळ, प्रत्येक गटाचे पन्नास. एका माणसाला तिथे आयुष्यात दोनदाच बसता यायचं, आणि दिवसाचा अध्यक्ष चिठ्ठीने. तिजोरीच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का त्याच्याकडे एक दिवस, एक रात्र. दुसऱ्या दिवशी दुसरा.

शिळाप्रेस

आणि खापरं! वर्षातून एकदा लोक खापराच्या तुकड्यावर नाव खरडून मत देत; सहा हजार मतं पडली तर ज्याचं नाव सगळ्यात जास्त खापरांवर तो दहा वर्षं गावाबाहेर. मालमत्ता शाबूत, गुन्हा शाबीत व्हायची गरजच नाही. पण ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत सुमारे १९० खापरं निघाली, सगळ्यांवर थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याचं नाव आणि हस्ताक्षरं जेमतेम चौदा. म्हणजे विरोधकांनी आधीच लिहून वाटायला ठेवलेली. @फटकळ, खास तुमच्यासाठी.

फटकळ

धन्यवाद, जेवण गोड लागेल. पण एवढ्या सगळ्या कौतुकात गुलाम कुठे आहेत? सोलोनने अथेन्सकर सोडवले, मग राबायला माणसं आली कुठून? बाहेरून विकत आणली. ज्यूररला भत्ता आणि लॉरियमच्या चांदीच्या खाणीत पोरं.

उंबरठा

+१. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याने इ.स.पू. ४५१ मध्ये आई-बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिक असा कायदा केला, तोही विसरू नका. पुढे त्याची दोन्ही औरस मुलं रोगाच्या साथीत गेली, तेव्हा परगावच्या आस्पासियापासून झालेल्या मुलासाठी त्यालाच लोकांपुढे पदर पसरावा लागला.

दिवाणी

आणि तो मुलगा, धाकटा पेरिक्लिस, वर तळटीप यांनी सांगितलेल्या सहा सेनापतींमधला एक.

सांजवात

अरे देवा!

अवांतर: स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस?

तळटीप

त्याच्याबद्दल निर्विवाद असं काहीच सांगता येत नाही, असं प्लुटार्क सुरुवातीलाच म्हणतो, म्हणून सोडला. कथा मात्र या धाग्याला साजेशी आहे: मी डेल्फीहून परत येईपर्यंत कायदे बदलू नका अशी शपथ घेतली आणि परत न येता अन्न सोडून मेला. सोलोनची दहा वर्षं त्यापुढे सौम्यच.

शिळाप्रेस

जाता जाता निकोमाखस सांगतो. इ.स.पू. ४१० मध्ये अथेन्सने सोलोनचे कायदे नव्याने नकलून काढायला माणसं नेमली, त्यातला हा एक. मुदत चार महिने. याने सहा वर्षं लावली, रोजचा भत्ता घेऊन. वर आरोप असा की पैसे खाऊन काही कायदे घुसडले, काही गाळले. न्यायालयात दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्धचे कायदे घेऊन उभे राहायचे आणि दोघंही म्हणायचे, निकोमाखसकडून आणलाय. पुढे त्याला पुन्हा तेच काम मिळालं, महिन्याभराचं, आणि त्याने चार वर्षं लावली. भाषणं लिहून देणाऱ्या लिसियासने लिहिलेलं फिर्यादीचं भाषण उरलंय. बाकी ड्रेकोच्या खुनाच्या कायद्याचा जो दगड आज अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे, तो याच नकलकाऱ्यांच्या कामातून इ.स.पू. ४०९ मध्ये कोरला गेला.

फटकळ

चार महिन्यांचं काम सहा वर्षं, आणि वर दुसरं टेंडर. ड्रेको, सोलोन ठेवा बाजूला, माणूस सापडला मला. शिक्षा झाली का त्याला?

दिवाणी

निकाल उरलेला नाही. आणि फिर्यादीचं भाषण आहे हो ते, बचावाचं ऐकल्याशिवाय मी तरी सही करणार नाही.